विज्ञानाच्या तासाला कुणाला बसवायचं? : गोव्यातल्या पालक-शिक्षक संघांना खुलं पत्र

प्रति,
गोव्यातल्या माध्यमिक शाळांचे पालक-शिक्षक संघ आणि व्यवस्थापन समित्या

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेत पालक-शिक्षक संघाची बैठक होती. सुनेला सुट्टी मिळाली नाही, म्हणून मी गेलो. ३१ वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेला माणूस अशा बैठकीला मागच्या बाकावर बसतो आणि चहाची वाट बघतो. बसचं भाडं झालं, गॅदरिंग झालं, कॅन्टीनमधल्या पातळभाजीत पाणी किती यावर बरीच चर्चा झाली. मग आयत्या वेळचे विषय आले आणि एक पालक उठले. म्हणाले, दहावीच्या पुस्तकातून डार्विन गेलाच आहे, तरी इथल्या टीचर तो आपल्या मनाने शिकवतात. शिकवायचाच तर दोन्ही बाजू शिकवा. आपल्या दशावतारात मासा, कासव, वराह, नरसिंह, वामन असा सगळा क्रम आधीच सांगून ठेवलाय, तोही विज्ञानाच्या तासाला यायला हवा. त्यावर दुसऱ्या कोपऱ्यातून बिलिव्हर या ख्रिस्ती पंथातले एक पालक म्हणाले, मग बायबलातली सहा दिवसांची निर्मितीही घ्या, आमच्या मुलांनी काय पाप केलंय?

हे दोघे शाळेच्या प्रार्थनेवरून दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते, असं मला नंतर कळलं. त्या दिवशी दोघांनी एकमेकांना दुजोरा दिला आणि सभागृहाने टाळ्या वाजवल्या. गोव्याचा सलोखा म्हणतात तो हाच असावा. मुख्याध्यापकांनी 'विचार करू' म्हणून विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. मी पडलो पाहुणा, बोललो नाही. पण इतर शाळांतूनही अशीच कुजबुज कानावर येते, म्हणून जे तिथे बोलायचं राहिलं ते तुम्हा सगळ्यांना लिहितो आहे.

आधी पुस्तकातून काय गेलं ते नीट सांगायला हवं, कारण बैठकीत त्याबद्दल बराच गोंधळ होता. गोवा बोर्ड नववी-दहावीला एनसीईआरटीची पुस्तकं वापरतं. दहावीच्या विज्ञानात 'हेरेडिटी अँड इव्होल्यूशन', म्हणजे आनुवंशिकता आणि उत्क्रांती, असा धडा होता. कोविडच्या काळात मुलांवरचा भार हलका करायचा म्हणून कात्री लागली आणि २०२३ च्या पुस्तकात धड्याचं नाव नुसतं 'हेरेडिटी' उरलं. त्याच कात्रीत मूलद्रव्यांची आवर्तसारणीही गेली. एप्रिल २०२३ मध्ये देशातल्या १८००हून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी याविरुद्ध पत्र काढलं. सरकारचं उत्तर होतं की बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती आहेच. आहे, खरं आहे. पण दहावीनंतर कॉमर्सला, आर्ट्सला, आयटीआयला किंवा जहाजावर जाणाऱ्या मुलाला ती आयुष्यात पुन्हा भेटणार नाही. उत्क्रांती चुकीची ठरली म्हणून कुणी काढलेली नाही. पाहुणा उठून गेला म्हणून त्याची खुर्ची ज्याला हवी त्याला देता येते, असा अर्थ मात्र बैठकीत काढला गेला.

आणि त्यातला विनोद बघा. कोविडचं कारण देऊन उत्क्रांती काढली, आणि त्याच कोविडने दोन वर्षं घराघरांत उत्क्रांतीच शिकवली! अल्फा, डेल्टा, ओमिक्रॉन ही नावं पाव विकणाऱ्या पोदेरापासून जमीनदार भाटकारापर्यंत सगळ्यांना पाठ होती. विषाणूच्या नकला निघताना चुका होतात, त्यातली एखादी चूक त्याला जास्त वेगाने पसरू देते, मग तोच प्रकार बाकीच्यांना मागे टाकतो. उत्क्रांतीचं मुख्य यंत्र एवढंच आहे. ते आपण टीव्हीवर रोज पाहिलं आणि मुलांच्या पुस्तकातून खोडलं.

आता दशावताराबद्दल. मी पेडण्याचा. दहिकाल्याच्या रात्री दशावतारी नाटक बघायला देवळासमोर गोणपाट अंथरून बसण्यात माझं बालपण गेलं. पेटी-मृदंगाच्या आवाजात गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, आणि मग काळ्या झग्यातला संकासूर वेद पळवून आपल्या बोलीत सगळ्यांची टर उडवतो. त्याची वाट बघत आम्ही झोप आवरून बसायचो. पुढे विष्णू त्याला मारतो, वेद परत येतात, आणि आख्यान सुरू होतं. म्हणून सांगतो, दशावतार विज्ञानाच्या तासाला नको हे मी त्याच्यावरच्या प्रेमापोटी म्हणतो आहे. तो तिथे आणला तर त्याचं काय होईल याचा विचार करा. परीक्षेत प्रश्न येईल : मासे प्रथम का आले? मूल लिहील : संकासुराने वेद चोरले म्हणून. मार्क द्यायचे की नाही? दिले तर विज्ञान बुडालं, कापले तर मत्स्यावताराला शाळेने चूक ठरवलं. मग पुढचे प्रश्न येतील. अर्धा सिंह अर्धा माणूस अशा प्राण्याची हाडं कुठल्या थरात मिळाली? राम आणि कृष्ण यांच्यात शरीररचनेचा फरक कोणता? बटू वामनापासून परशुराम कसा झाला, किती पिढ्या लागल्या? ज्या कथेपुढे आपण हात जोडतो तिला दहावीच्या पोराच्या लाल पेनाखाली का आणता?

विज्ञानाच्या वर्गात बसायची एकच अट असते. नापास होण्याची तयारी पाहिजे. आपलं म्हणणं कशाने खोटं ठरेल हे आधीच सांगायचं आणि मग लोकांना ते शोधू द्यायचं. उत्क्रांती या अटीवर दीडशे वर्षांहून जास्त काळ बसली आहे. एक उदाहरण देतो. पाण्यातल्या माशांपासून चार पायांचे प्राणी झाले असतील, तर मधला कुणीतरी सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकात सापडायला हवा, असं संशोधकांनी मांडलं. नकाशात त्या वयाचा खडक कुठे उघडा पडलाय ते पाहिलं आणि कॅनडाच्या उत्तरेला एल्समीर बेटावर बर्फाळ प्रदेशात वर्षानुवर्षं खोदत राहिले. २००४ साली सापडला. मान असलेला मासा, परांच्या आत मनगटासारखी हाडं. त्याला टिक्टालिक म्हणतात. तो सापडला नसता, किंवा डायनोसॉरच्याही आधीच्या थरात सशाचं हाड मिळालं असतं, तर शास्त्रज्ञांची पंचाईत झाली असती. दशावताराची किंवा सहा दिवसांची अशी पंचाईत कधी होऊ शकते का? होऊ शकत नाही, आणि होऊ नये. श्रद्धा परीक्षेला बसत नाही, ती तिची उणीव नव्हे. पण मग परीक्षेच्या हॉलमध्ये तिला खुर्ची मागू नका.

'पण ती नुसती थिअरी आहे' हे वाक्य त्या बैठकीत तीनदा ऐकलं. त्यात दोष शाळेचाच आहे. आपण मुलांना 'थिअरीचा पेपर' आणि 'प्रॅक्टिकल' अशी वाटणी करून देतो, त्यामुळे थिअरी म्हणजे ज्याचा हाताला उपयोग नाही ते, असा अर्थ डोक्यात बसतो. मराठीत त्याला सिद्धांत म्हणतात, आणि सिद्धांत हा शब्द तपासून शेवटी सिद्ध झालेल्या गोष्टीसाठी आहे. तपासायचं बाकी असतं ते गृहीतक. गुरुत्वाकर्षणाचाही सिद्धांतच आहे. तरी माडावर चढणारा पाडेली कमरेची दोरी सोडत नाही.

दुसरं वाक्य : 'माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं?' हे २०१८ साली केंद्रातले एक राज्यमंत्री, सत्यपाल सिंह, जाहीर बोलले होते आणि त्यांच्याच खात्याच्या मंत्र्यांनी त्यांना आवरलं होतं. गोव्यात याचं उत्तर फार सोपं आहे. मराठी आणि कोंकणी घ्या. कोंकणी मराठीतून निघाली का मराठी कोंकणीतून, यावर आपण काही दशकं डोकी फोडली. भाषेचे अभ्यासक सांगतात की दोन्ही जुन्या प्राकृतातून आल्या, एक दुसरीची आई नव्हे, बहिणी आहेत. (या वाक्यावरून मला दोन्ही बाजूंची पत्रं येणार, ठाऊक आहे.) आता सांगा, एखाद्या घरात आई प्राकृत बोलते आणि मुलगी मराठी, असं कधी घडलं का? कधीच नाही. प्रत्येक आईची आणि मुलीची भाषा एकच होती. तरी हजार-दीड हजार वर्षांत प्राकृत राहिली नाही. माणूस आणि चिंपांझी यांचंही तसंच आहे. आजच्या माकडाचा माणूस झाला असं कुणी म्हणत नाही. साधारण साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एकच होते. आणि तपासायचंच असेल तर पुस्तकात अजून शिल्लक असलेल्या 'हेरेडिटी'च्या धड्यातून सुरुवात करा. माणसाची गुणसूत्रं ४६, मोठ्या वानरांची ४८. नाळ एकच असेल तर माणसाची एक जोडी जुळून गेलेली दिसायला हवी. माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो सांधा दिसतो.

ख्रिश्चन पालकांना वेगळं काही सांगायचं आहे, कारण 'आमचा धर्म याला मानत नाही' असं तिथे एक आई म्हणाली. चर्चला ही अडचण नाही. १९८६ साली गोव्यात येऊन गेलेल्या पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये पोपच्या विज्ञान अकादमीला लिहिलं की उत्क्रांती ही आता नुसत्या गृहीतकाच्या पलीकडे गेली आहे. २०१४ मध्ये पोप फ्रान्सिस त्याच अकादमीत म्हणाले की देव म्हणजे जादूची कांडी फिरवणारा जादूगार नव्हे. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनचा पडका बुरूज तुम्ही मुलांना सहलीत दाखवता. ज्याच्या वाटाण्यांच्या प्रयोगांवर दहावीचा तो उरलेला धडा उभा आहे तो ग्रेगोर मेंडेल याच ऑगस्टिन पंथाचा भिक्खू. मठाच्या बागेत वाटाणे लावताना त्याची श्रद्धा काही गळून पडली नाही.

आणि आमच्याकडच्यांना कोसंबी चालतात ना? दामोदर धर्मानंद कोसंबी १९०७ साली कोसबे गावात जन्मले. त्यांच्या नावाने पणजीत विचारमहोत्सव होतो, तेव्हा सगळे पुढच्या रांगेत असतात. त्याच कोसंबींनी जनुकांमधलं अंतर मोजायचं एक गणिती सूत्र १९४० च्या दशकात दिलं. जनुकशास्त्रात ते आजही त्यांच्या नावाने वापरतात. नाव मिरवायचं आणि ते ज्या झाडाला पाणी घालत होते त्याच्याकडे पाठ करायची, हे कसं जमतं कोण जाणे.

'दोन्ही बाजू' हा शब्द ऐकायला गोड आहे, म्हणून तो जिथे वापरून झालाय तिथलं सांगतो. अमेरिकेत लुइझियाना राज्याने कायदाच केला होता, उत्क्रांती शिकवाल तर निर्मितीवादही शिकवा. १९८७ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. मग त्याच गोष्टीला नवा सदरा चढवला, नाव ठेवलं 'बुद्धिमान रचना', आणि पेन्सिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या शाळा मंडळाने ती आणली. शिक्षकांना वर्गात एक निवेदन वाचायला सांगितलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी नकार दिला, शेवटी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांना येऊन वाचावं लागलं. ११ पालक कोर्टात गेले. पालक, लक्षात घ्या, तुमच्या-माझ्यासारखे. डिसेंबर २००५ मध्ये न्यायाधीशांनी सव्वाशे पानांहून मोठा निकाल दिला की हे विज्ञान नव्हे, धर्मच आहे. शाळेला सुमारे १० लाख डॉलर वकिलांपोटी भरावे लागले आणि ते मंडळ निवडणुकीत पडलं. आपल्याकडे कायदा वेगळा आहे, तरी घटनेचं २८वं कलम वाचून ठेवा. पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय कुठल्याही मुलाला त्यात बसवता येत नाही. गोव्यातली बहुतेक हायस्कुलं अनुदानावर चालतात, हे तुम्हाला दर महिन्याच्या पगारपत्रकावरून माहीत आहेच.

इथे माझीही एक चूक कबूल करतो. १९९८ च्या सुमाराला एका वर्गात मी हाच धडा शिकवत होतो. शिकवत होतो म्हणजे फळ्यावर ती ठरलेली रांग काढली, वाकलेलं माकड, जरा सरळ, आणखी सरळ, शेवटी माणूस. (ती रांगही चूक, उत्क्रांती वडाच्या फांद्यांसारखी पसरते, शिडीसारखी चढत नाही. पण मलाही तेव्हा तेवढंच शिकवलं होतं.) एका मुलीने हात वर केला. 'सर, मग आदाम कोण?' वर्ग हसला. मी म्हणालो, 'परीक्षेला येणार नाही, बस खाली.' ती बसली. पुन्हा तिने माझ्या तासाला प्रश्न विचारला नाही. आता ती इंग्लंडात स्विंडनला असते, मुलं मोठी झाली असतील. मी तिला म्हणायला हवं होतं की आदामची गोष्ट माणूस कशासाठी आहे ते सांगते, हा धडा शरीर कसं घडलं ते सांगतो, तू दोन्ही जप, आणि हा धडा तुला पटतो का ते पुरावे बघून ठरव. एवढं म्हणायला दोन मिनिटं लागली असती. तुमची 'दोन्ही बाजू'ची मागणी येते ती माझ्यासारख्यांनी ही दोन मिनिटं वाचवल्यामुळे येते, हे मला मान्य आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलाला गप्प करू नका असा ठराव तुम्ही करणार असाल तर मी पहिली सही करीन.

कारण शिकवायचं तर गोव्याइतकी सोय कुठे आहे? खाजनातला, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतातला, कोरगुट भात घ्या. बांध फुटला, मानशीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, खारं पाणी शिरलं की बाकीचं भात जळतं, कोरगुट तग धरतो. तो असा कसा झाला? पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्यात जी रोपं वाचली त्यांचंच बियाणं पुढच्या वर्षी पेरलं गेलं. कुणी कुणाला शिकवलं नाही, मिठाने निवड केली आणि शेतकऱ्याने तीच पुढे नेली. मुलांना नकाशावर दाखवण्यापेक्षा बांधावर उभं करून सांगा.

सत्तरीत केरीच्या बाजूला पावसाळ्यात मातीत एक बिनपायांचा उभयचर मिळतो. लोक गांडूळ समजून सोडून देतात, काही साप समजून मारतात. मराठीत त्याला देवगांडूळ म्हणतात. इथली एक जात २००७ साली विज्ञानात नोंदली गेली, तिच्या नावातच गोवा आहे, गोवाएन्सिस. याचे नातेवाईक सेशेल्स बेटांवर आहेत, अडीच हजार किलोमीटरहून दूर, आणि खाऱ्या पाण्यात हा प्राणी जगत नाही. पोहून गेले नाहीत, मग गेले कसे? गेलेच नाहीत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत आणि सेशेल्स एकाच जमिनीचे तुकडे होते, जमीन फाटली आणि कुटुंबाची वाटणी झाली. गोव्यात वाटणीची गोष्ट मुलांना समजावून सांगावी लागत नाही.

आणि खाण. डिचोली-सांग्याच्या किती घरांत मायनिंगने चूल पेटली, २०१२ साली बंद पडल्यावर किती ट्रक दारात गंजले, हे इथल्या पोराला ठाऊक आहे. ते खनिज ज्या पट्टेरी दगडातून आलं तो बनला कसा हे त्याला कुणी सांगत नाही. २०० कोटी वर्षांहूनही आधीच्या समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. मग प्राणवायू सोडणारे सूक्ष्म जीव आले. त्या प्राणवायूने समुद्रातलं लोखंड गंजलं आणि थरावर थर तळाशी बसलं. म्हणजे ज्या गंजावर आपण बार्जी भरल्या तो पृथ्वीवरच्या सुरुवातीच्या जीवांच्या श्वासाचा आहे. खाणीवर राबलेल्या माणसाच्या मुलाला हे कळू नये? त्यात त्याच्या बापाच्या घामाचा मान आहे.

तेव्हा माझी मागणी थोडकी आहे. पुस्तकात नसलं तरी उत्क्रांती शिकवणाऱ्या टीचरना अडवू नका. त्या वेळापत्रकातून तास चोरत नाहीत, 'हेरेडिटी'चा धडा त्याशिवाय पुरा होतच नाही. दशावतार मराठीच्या तासाला घ्या, गॅदरिंगला मुलांकडून करवून घ्या, संकासुराची भूमिका करायला मी पेडण्याहून माणूस आणून देतो. बायबलातली निर्मिती रविवारच्या दोतोर्नीत, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, आहेच, तिथे तिला चांगले शिकवणारे आहेत. आणि बोर्डाकडे एक अर्ज पाठवा की तो काढलेला भाग पूरक वाचन म्हणून तरी परत द्या. प्रत्येक संघाने एक पत्र धाडलं तर पर्वरीला बोर्डात चांगला गठ्ठा होईल.

नातीच्या शाळेतली पुढची बैठक शनिवारी तीन वाजता आहे. या वेळी मी मागच्या बाकावर बसणार नाही. कोरगुटाची एक लोंबी आणि खाणीवरून आणलेला एक पट्टेरी दगड घेऊन येतो. दगड बराच जड आहे, रिक्षातून उतरवायला कुणीतरी हात द्या.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
पेडणे तालुका, गोवा